सुट्टी कोणाच्या हिशेबात?



व्याख्यानाचा विषय कळवा, असा संयोजकांचा फोन आला तेव्हा मी ‘विश्रांती’ असं सांगितलं. पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग जरा अदबीने प्रश्न आला, ‘‘म्हणजे बाई, योगासनं, ध्यानधारणा असं काही का?’’ त्यांचं काही चुकलं नाही. विश्रांती हा आपल्याकडे आता आरोग्यविषयक पुरवणीचा विषय झाला आहे. दर तासाला खुर्चीतून उठा, दोन पावलं चाला, रात्री मोबाइल लांब ठेवा, वर्षातून एकदा तरी कुठे जाऊन या. सल्ला सगळा बरोबर आहे. फक्त तो अशा माणसासाठी आहे, ज्याने दोन पावलं चाललेली कोणी मोजत नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, आणि त्याआधी लालबागच्या एका चाळीत, साचेखात्यात काम करणाऱ्या विणकराच्या घरात वाढले. या दोन्हींचा मिळून माझ्यावर एक परिणाम झाला आहे. कोणी विश्रांतीचं महत्त्व सांगू लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्या वेळेचे पैसे कोण देतं? आज मी एवढंच मांडणार आहे. विश्रांती ही एकेकट्याच्या शहाणपणावर सोडायची गोष्ट नाही. जी घेतल्याने घेणाऱ्याचं नुकसान होतं, ती त्याच्या कितीही हिताची असली तरी तो घेत नाही. आणि जी सगळ्यांना मिळून, नियमाने, न मागता मिळते, तीच टिकते.

सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करावी लागेल. 2005 साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, आणि ‘रविवारची सुट्टी मिळवून देणारे’ म्हणून अलीकडे त्यांचा फोटो मोबाइलवर फिरतो. फोटोखाली चार ओळी असतात. त्या चार ओळींत जे राहून जातं तेच मला महत्त्वाचं वाटतं.

लोखंडे 1848 साली ठाण्यात जन्मले. घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक 1880 मध्ये लोखंड्यांनी मुंबईत हाती घेतलं. भांडारपाल म्हणजे खात्यात उभा राहून धागा सांधणारा कामगार नव्हे. पण कामगार आत कधी येतो, बाहेर कधी पडतो, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं.

तो आत यायचा उजाडताना आणि बाहेर पडायचा अंधार पडताना. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी 1856 साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईत कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठं. जेवायला ठरलेली सुट्टी नाही. साचा चालू ठेवून, शेजाऱ्याला ‘जरा बघ रे’ म्हणून, भाकरी खायची. आठवड्याची सुट्टी नाही. सणावारी गिरणी बंद असे, आणि अधूनमधून यंत्रं साफ करायला बंद ठेवावी लागे. त्या साफसफाईला हात कामगाराचेच लागत. यंत्राला साफसफाईचा दिवस होता, ते चालवणाऱ्याला विश्रांतीचा नव्हता. याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ही गोष्ट 1880 सालात संपलेली नाही.

1881 चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, महिन्यातून चार दिवस सुट्टी द्यावी. ज्या कायद्याला सात वर्षांच्या मुलाचे नऊ तास ही दया वाटत होती, त्यात मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हतं. 1884 मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी फॅक्टरी कमिशन नेमलं, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने गलबलून येतं. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास. सकाळी साडेसहाच्या आत काम सुरू होऊ नये आणि सूर्यास्ताला थांबावं. आधीच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

बघा, पाचांतल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. पगार वाढवा, अशी मागणीच नाही; आहे तो वेळेवर द्या, एवढंच आहे.

गिरणीमालकांचं उत्तर त्या काळातल्या कागदपत्रांत जागोजागी सापडतं, आणि ते मोठं सोयीचं उत्तर होतं. मुंबईचा कामगार सलग काम करतच नाही, असं ते म्हणत. तो बिडी ओढायला बाहेर जातो, गप्पा मारतो, तोंड धुतो, अंग मोकळं करतो. कधी शिमग्याला गावी गेला की महिना महिना उगवत नाही. त्याला आणखी विश्रांती हवी कशाला? हा युक्तिवाद इतका चिवट होता की 1908 च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढेही तो आला आणि बहुमताला पटलाही. एकट्या मद्रासच्या डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळी टिपणी जोडून प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांनाही कायद्याने थेट मर्यादा हवी असा आग्रह धरला. तोपर्यंत गिरण्यांत विजेचे दिवे आलेले होते आणि सूर्यास्त झाला म्हणून काम थांबायचं कारण उरलेलं नव्हतं. 1911 च्या कायद्यात कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. नायर एकटे होते, पण कायदा त्यांच्या बाजूने झाला.

चोरून मिळवलेली पाच मिनिटं आणि हक्काची पाच मिनिटं यांत फरक आहे. चोरून बिडी ओढणाऱ्याचा एक डोळा मुकादमावर असतो. तो थांबलेला असतो, विसावलेला नसतो.

पुढचा इतिहास आपल्यापैकी काहींना माहीत असेल. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या. 1890 साली दहा हजार पुरुषांसमोर उभं राहून आम्हाला एक दिवस मोकळा द्या, असं सांगणाऱ्या त्या दोघींबद्दल मला लोखंड्यांइतकंच कुतूहल आहे. त्यानंतर दीड महिन्याने, 10 जून 1890 ला, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची मधली सुट्टी सगळ्यांना दिली, स्त्रियांचे तास अकरावर आणले. लोखंडे त्यानंतर फार जगले नाहीत. 9 फेब्रुवारी 1897 ला मुंबईच्या प्लेगच्या साथीत ते गेले. त्यानंतर महिनाभराने सावित्रीबाई फुलेही गेल्या, त्याच रोगाने.

रविवारच का? इंग्रजांचा प्रार्थनेचा दिवस म्हणून, हे सरळ उत्तर. पण रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आमचाही आहे, असं लोखंडे मांडत, असं सांगतात. मला हा युक्तिवाद आवडतो. त्यात थोडी हुशारी आहे आणि थोडं सत्यही. आपल्याकडे काम थांबवण्याचे दिवस नव्हते असं नाहीच. सुतार, गवंडी अमावस्येला हत्यार बाजूला ठेवत. आजही अनेक जण ठेवतात. पोळ्याला, बेंदराला बैलाच्या मानेवर जू येत नाही. गिरणीने हे सगळे दिवस पुसून टाकले होते. लोखंड्यांनी नवीन चैन मागितली नव्हती. गेलेलं काहीतरी परत मागितलं होतं.

इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. हे कायदे आले त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता. मुंबईचं सूत चीनच्या बाजारात त्यांच्या सुताला मागे सारत होतं, आणि मुंबईच्या कामगाराचे तास कमी झाले तर ते त्यांना हवंच होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी म्हणून या कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग बुडवण्याचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. डाव होताच. पण गिरणीत सात वर्षांचं मूलही होतं. ‘दीनबंधु’ने ठरवलं की आपण त्या मुलाच्या बाजूने बोलायचं, मग आपल्या शेजारी लँकेशायरचा व्यापारी उभा असला तरी चालेल. देशप्रेम आणि कामगाराची विश्रांती यांत निवड करायला लावणारे लोक प्रत्येक काळात भेटतात. देश मागे पडेल, अजून कष्ट करा, हे वाक्य 1890 मध्ये होतं तसंच्या तसं आजही ऐकू येतं. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला, आणि पुढे दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखांनी तो आकडा 90 वर नेला. 90 तास म्हणजे रविवार धरून रोज जवळजवळ तेरा तास. मुंबईच्या गिरणीत 1880 च्या सुमाराला एवढेच होत होते.

आता रविवार मिळाल्यावर काय झालं, ते सांगते. हे मला पुस्तकांतूनही माहीत आहे आणि आमच्या चाळीच्या गॅलरीतूनही.

गिरणगावात गावकऱ्यांचे गाळे असत. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, सगळे एकाच गावचे किंवा वाडीचे. एवढ्या खोलीत एवढी माणसं मावत, कारण ती एकाच वेळी तिथे नसत. पहिल्या पाळीचा गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेवर वळकटी सोडायचा. सहा दिवस खोलीत कोणी ना कोणी झोपलेलं, म्हणून सगळे हळू बोलत. रविवारी मात्र पंचवीसच्या पंचवीस एकाच वेळी हजर. खोलीत मावायचे नाहीत, म्हणून बाहेर पडायचे. गॅलरीत, जिन्यावर, चौकात, तालमीत, मैदानावर. भजनी मंडळांच्या बाऱ्या, नमन-खेळ्यांच्या तालमी, कामगार रंगभूमीवरची नाटकं, बुवांची ठसन, कुस्त्या, रात्रशाळेचा अभ्यास, युनियनची सभा, हे सगळं या गर्दीतून आलं. दुपारी गावमंडळाची बैठक. पत्र्याच्या ट्रंकेतून वही निघायची, वर्गणी जमा व्हायची, गैरहजर असलेल्याच्या नावापुढे फुली पडायची. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या खोल्या, देवळांची छपरं, विहिरींचे कठडे त्या वह्यांतून बांधले गेले आहेत.

माझे वडील साचेखात्यातले. तिथे आवाज इतका की माणसं ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखतात. घरी आले तरी त्यांचा आवाज चढलेलाच असे, आणि कान देऊन ऐकण्याऐवजी ते तोंडाकडे बघून ऐकत. रविवारी भोंगा नसला तरी त्याच वेळेला जागे व्हायचे, मग आढ्याकडे बघत पडून राहायचे. उठायचे नाहीत. मी लहान असताना मला वाटे, यांना झोप येत नाही तर हे उठत का नाहीत! उठायची सक्ती नसताना न उठणं, हा त्यांच्या रविवारचा पहिला तास होता. दुपारनंतर त्यांचा आवाज उतरायचा. संध्याकाळी ते आमच्याशी साध्या आवाजात बोलत.

एकाच वेळी मिळालेली सुट्टी आणि वेगवेगळ्या वेळी मिळालेली सुट्टी, यांचे तास तितकेच असले तरी त्या एक नव्हेत. याचा एक प्रचंड मोठा प्रयोग जगात होऊन गेला आहे. 1929 साली सोव्हिएत संघात स्टालिनच्या राजवटीने यंत्रं कधीच थांबू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. प्रत्येक कामगाराला पाचांपैकी एक दिवस सुट्टीचा, आणि कोणता ते रंगावरून ठरलेलं. हिशेबाने पाहिलं तर कामगाराचा फायदाच होता, कारण सातातून एक सुट्टी मिळायची ती पाचातून एक मिळू लागली. पण नवऱ्याचा रंग वेगळा, बायकोचा वेगळा, मुलांच्या शाळेचा तिसराच. लोकांनी तक्रारी केल्या. घरात एकटं बसून, बाकी सगळे कामावर असताना मिळालेली सुट्टी कोणाला सुट्टी वाटेना. यंत्रांचंही भलं झालं नाही. ती सतत चालल्याने बिघडू लागली, आणि एकाच यंत्रावर इतक्या जणांचा हात फिरू लागला की ते कोणाचंच राहिलं नाही. 1931 मध्ये सगळ्यांचा एकत्र सुट्टीचा दिवस परत आणावा लागला, आणि 1940 मध्ये रविवार. चर्चचा दिवस म्हणून जो काढला होता, तोच.

आपल्याकडे हे अशा हुकमाने होत नाही. हळूहळू होतं. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार एका दिवशी पडू नये म्हणून ती वाटणी झाली, आणि तिची गरज मला कळते. पण मुलांची शाळा रविवारी बंद. बाप गुरुवारी घरी, मूल रविवारी घरी. मॉलमधल्या मुलीला मंगळवार, कॉल सेंटरमधल्या तिच्या भावाला फिरती सुट्टी. आणि घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाचा रविवार हा सगळ्यांत जास्त ऑर्डरींचा दिवस. त्या दिवशी ॲप बंद ठेवणं त्याला परवडत नाही. त्याला सुट्टी घ्यायला कोणाचीच मनाई नाही. कोणी साहेबच नाही, तर मनाई कोण करणार?

याउलट मुंबईचे डबेवाले बघा. त्यांच्या कामाची सुरुवातही 1890 चीच सांगतात. मावळ-खेड-जुन्नर पट्ट्यातली ही माणसं चैत्रात गावच्या जत्रेला सगळी मिळून आठवडाभर गावी जातात. ग्राहकांना आधी कळवतात आणि जातात. एकेकट्याने रजा मागितली असती तर प्रत्येकाचे ग्राहक तुटले असते. सगळे एकदम गेले म्हणून ग्राहक वाट बघतात.

आता माझ्या विषयातल्या माणसांना प्रिय असलेल्या मुद्द्याकडे वळते. विश्रांतीने काम वाढतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, रविवारसुद्धा राबवलं गेलं, आणि सरकारच्या समितीने त्यांच्या तासांच्या व उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी 2014 साली त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला 70 तास काम करणाऱ्यांचं उत्पादन 56 तास करणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ वाया. रविवारची सुट्टी काढून घेतली की आठवड्याचं एकूण उत्पादनही खाली येतं, हेही त्यांना दिसलं. 70 तासांचा सल्ला देणाऱ्यांना ही आकडेवारी जरूर दाखवावी. मी वर्गात नेहमी दाखवत असे.

पण या मुद्द्यावर मी सगळा भार टाकणार नाही. समजा, उद्या कोणी सिद्ध केलं की अमुक गोळी घेतली की माणूस 70 तास न थकता काम करतो आणि उत्पादन वाढतच राहतं. मग रविवार परत करायचा का? माझ्या वडिलांनी सोमवारी जास्त कापड विणावं म्हणून ते रविवारी आढ्याकडे बघत पडत नव्हते. उत्पादनाच्या नावाने मिळवलेली विश्रांती उत्पादनाच्याच नावाने काढूनही घेता येते.

1890 चा रविवार मिळाला तरी पगारी रजा कायद्यात यायला आणखी पंचावन्न वर्षं लागली. हे काम डॉ. आंबेडकरांनी केलं. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती आणली आणि 1945 मध्ये वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. 1946 मध्ये आठवडा 48 तासांवर आला. बाबासाहेबांच्या कामातल्या या भागाबद्दल आपण फार कमी बोलतो. सुट्टी आणि पगार हे दोन शब्द एकत्र आले, त्या दिवशी विश्रांतीचं बिल पहिल्यांदा कामगाराच्या खिशातून मालकाच्या हिशेबात गेलं.

पण हे सारं कारखान्याच्या दारापर्यंत. दाराबाहेर काय? केरळात, कोळिकोडच्या साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. दुकानात विक्रेती बसलेली दिसली की दुकान आळशी दिसतं. लघवीला जायची पंचाईत, म्हणून पाणी न पिणं. विजी पेनकूट्टू आणि त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं झगडून 2018 मध्ये राज्य सरकारला दुकाने कायद्यात दुरुस्ती करायला लावली: कामावर बसायला जागा दिलीच पाहिजे. 2021 मध्ये तमिळनाडूने तसा कायदा केला. स्टूल मिळवण्यासाठी कायदा करावा लागला, याचं हसू येतं. पण हसणारे आपण बहुधा बसलेले असतो. आपल्या लक्ष्मी रोडवर, दादरला खरेदीला जाल तेव्हा काउंटरच्या मागे नजर टाका. स्टूल आहे का, आणि असलं तर त्यावर कोणी बसलं आहे का.

पुण्यात 1980 साली घरकामाच्या बायकांनी संप केला, त्याचंही निमित्त विश्रांतीचंच होतं: आजारपणामुळे कामावर न आलेल्या एकीला काढून टाकलं होतं. ज्या घरांत स्वतःच्या ‘सिक लीव्ह’चा काटेकोर हिशेब ठेवला जातो, तिथेच हे घडतं, म्हणून मला जास्त बोचतं.

आणि त्या घरातली स्वतः गृहिणी? आमच्या आईचा रविवार मी मुद्दाम आत्तापर्यंत सांगितला नाही. वडील घरी, काका घरी, गाळ्यातले दोघे-तिघे जेवायला. वाटण पाट्यावर, कपड्यांचा ढीग दुप्पट. तिच्यासाठी आठवड्यातला सगळ्यांत जड दिवस लोखंड्यांनीच आणला, असं म्हणायचं का? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, आपल्या घरचं काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. यात रविवार वेगळा काढला तर काय दिसेल, ते इथल्या श्रोत्यांनी आपापल्या घरी तपासावं. सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा हसत आहेत, पण पुरुष हसत नाहीत, हे मी टिपून ठेवते.

शेवटी ज्या माणसांसाठी हा विषय घेतला त्यांच्याकडे येते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यात होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग चार-पाच महिने ती फेडत राहायची. पहाटे अंधारात फडात जायचं. तो तोडतो, ती पाचट काढते, वाढं छाटते, मोळ्या बांधते, आणि मग डोक्यावरून मोळी वाहत फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. कोपीवर परतल्यावर चूल तिचीच. एक दिवस अंग धरलं, ताप आला, पाळीच्या दिवसांत उभं राहवेना, तर तो खाडा. आणि खाड्याला दंड. मजुरी बुडते ती वेगळी, वर दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड उचलीत चढतो. म्हणजे विश्रांतीचं बिल पुन्हा राबणाऱ्याच्या नावावर, तेही व्याजासकट.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या बातम्या आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. याला कारण एकच नाही. कॅन्सरची भीती घालणारे खाजगी दवाखाने आहेत, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत, फडावर पाणी नाही, संडास नाही. पण ‘पिशवी काढली म्हणजे दर महिन्याची कटकट आणि खाडा दोन्ही गेले’, हे बायका स्वतः सांगतात. महिन्यातले दोन दिवस बसता येत नाही, म्हणून शरीरातला एक अवयव काढून टाकायचा. विश्रांतीची किंमत काय, असं कोणी मला विचारलं तर मी कुठलाही ग्रंथ उघडणार नाही, एवढे दोन आकडे सांगेन.

यावर कारखान्यांकडून एक खरी अडचण सांगितली जाते. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. गाळप चोवीस तास चालतं. सगळ्या टोळ्या एका दिवशी बसल्या तर गव्हाण रिकामी पडेल. बरोबर आहे. पण हंगामात कारखाना स्वतः ठरावीक दिवसांनी ‘क्लीनिंग’साठी बंद होतोच. रसाच्या भांड्यांत, नळ्यांत थर बसतात, ते काढल्याशिवाय पुढचं गाळप नीट होत नाही. त्याचा दिवस आधी ठरतो, त्याचा खर्च हिशेबात धरलेला असतो, आणि त्यासाठी बॉयलरला कोणी दंड करत नाही. टोळीला आठवड्यातून एक दिवस, आळीपाळीने, अख्खी टोळी एकत्र बसेल असा दिवस देणं, हे शेतकी खात्याच्या तोडणी कार्यक्रमात बसवता येणारं गणित आहे. दर ताशी किती ट्रॉली आत आली, याचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला ते अवघड नाही. अवघड आहे ते पैशाचं: त्या एका दिवसाचे पैसे कारखान्याने द्यायचे, की शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून जायचे, की तुमच्या-माझ्या साखरेच्या किलोमागे काही पैसे वाढायचे? मी म्हणेन, तिघांनी वाटून घ्यावेत, आणि सगळ्यांत मोठा वाटा कारखान्याचा असावा.

ऊसतोडीचे दर साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात तीन-तीन वर्षांच्या कराराने ठरतात. करारात टनामागे किती रुपये ते असतं, मुकादमाचं कमिशन किती टक्के ते असतं. पुढच्या वाटाघाटींत दोन कलमं घातली जावीत, असं मला वाटतं: खाड्याचा दंड बेकायदा, आणि आठवड्याला एक भरपगारी दिवस. संघटनांच्या माणसांशी मी हे बोलले आहे. दर वाढवून घेतानाच जीव जातो बाई, सुट्टीचं कुठे काढता, असं त्यांनी मला ऐकवलं. त्यांची अडचण मला समजते, पण 1884 च्या सुपारीबागेतल्या अर्जावर सह्या करणारेही फार सुखात नव्हते आणि त्यांनी आधी वेळ मागितला होता. आज या सभागृहात साखर कारखान्यांचे संचालक आहेत, सभासद शेतकरी आहेत, दोन वकील मला समोर दिसत आहेत. कलमांचा मसुदा मी सोबत आणला आहे, त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. पहिला प्रश्न संचालकांपैकी कोणी विचारला तर मला आवडेल.